वळवाच्या तोंडावर अंगणातला गुलमोहर: राखावा, छाटावा की काढावा?

नागाळा पार्क (प्रश्नकर्ता)

सप्रेम नमस्कार. आमचे घर कोल्हापूरच्या नागाळा पार्कात आहे. वडिलांनी १९८६ साली घराची वास्तुशांत केली आणि त्याच पावसाळ्यात फाटकाजवळ एक गुलमोहर व परसात एक रायवळ आंबा लावला. दोन्ही झाडे आता घराच्या गच्चीहून उंच गेली आहेत. गेल्या वर्षीच्या वळवात गुलमोहराची मांडीएवढी जाड फांदी मोडून शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर पडली. सुदैवाने शेडमध्ये कोणी नव्हते, परंतु शेजारी तेव्हापासून भेटले की आधी झाडाकडे पाहतात आणि मग आमच्याकडे.

झाड पूर्वेला, म्हणजे शेडच्या बाजूला, थोडे कललेले आहे. घरात येणारी विजेची सर्व्हिस वायर त्याच्या दोन फांद्यांमधून जाते. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सव्वासहा फूट भरतो. शिमगा होऊन गेला आहे, झाड सध्या जवळजवळ निष्पर्ण आहे आणि वळवाला फार तर महिना-दीड महिना उरला आहे. लाकडाच्या वखारीशी संबंध असलेल्या एका गृहस्थांनी पाहणी करून, ‘सगळा शेंडा उडवून झाड निम्म्यावर आणू, लाकूड आम्ही नेऊ, वर आठ हजार द्या,’ असे सांगितले. पत्नीचे मत झाड समूळ काढावे असे आहे. आईला मात्र ती कल्पनाच सहन होत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. झाड खरोखर धोकादायक आहे की नाही हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? निम्म्यावर छाटल्याने धोका टळतो का? आणि काढायचेच झाल्यास रीतसर मार्ग कोणता? परसातल्या आंब्याच्या खोडातून भुसा गळतो आहे, त्याबद्दलही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

माळावरचा माळी

मी कृषी खात्याच्या रोपवाटिकांत तीस वर्षे काढली आहेत, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

झाडाची उंची पाहून घाबरू नये. उंच झाडे मुळांच्या जोरावर पिढ्यान्पिढ्या उभी राहतात आणि बुटकी झाडे मुळे तुटल्यामुळे एका रात्रीत आडवी होतात. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा. त्याची मुळे खोल जाण्याऐवजी जमिनीलगत पसरतात, लाकूड ठिसूळ असते आणि माथा छत्रीसारखा रुंद असल्यामुळे वारा त्याला शिडासारखा धरतो. त्यात आपल्याकडची अडचण अशी की, फाल्गुनात जे झाड सांगाड्यासारखे दिसते, तेच चैत्र-वैशाखात फुलापानांनी लदबदते, आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो. म्हणून आज ते हलके दिसते यावर विसंबून राहू नये.

पाहणी खालून वर करावी. प्रथम बुंध्याभोवतीची जमीन पाहा. झाड ज्या बाजूला कलले आहे त्याच्या विरुद्ध बाजूला माती उचलली गेली आहे का, अर्धवर्तुळाकार भेग पडली आहे का, हे तपासा. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, परंतु त्या जाळीसारख्या सर्वत्र असतात. बुंध्याला वळसा घालणारी एकच भेग दिसली, तर ती मुळे उपटू लागल्याची खूण समजावी. जुना कल आणि नवा कल यांतही फरक आहे. लहानपणीच कललेल्या झाडाचा शेंडा पुढे प्रकाशाकडे वळून सरळ होतो, त्यामुळे खोडाला धनुष्याचा बाक येतो. अलीकडे कललेले झाड मात्र बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीसारखे तिरके असते.

त्यानंतर बुंध्याच्या तळाशी फळीसारखी वाढलेली टणक अळंबी आहे का ते पाहा. ती दिसली म्हणजे मुळांत किंवा बुंध्यात कूज पुष्कळ आधीच सुरू झालेली असते. लाकडी हातोडीने खोडावर चहूबाजूंनी ठोकून आवाज ऐका. भरीव खोडाचा आवाज बद्द येतो, पोकळ खोड ढोलासारखे वाजते. नुसती पोकळी असणे म्हणजे झाड मेले असे नव्हे, कारण भार बाहेरचे लाकूड पेलते. तथापि, शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाली असेल, तर झाडावर भरवसा ठेवू नये असा वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. शेवटी बेचके पाहा. दोन जाड फांद्या इंग्रजी ‘व्ही’सारख्या अरुंद कोनात निघाल्या असतील आणि त्यांच्यामध्ये साल आत दाबली गेली असेल, तर तिथे लाकूड लाकडाशी जुळलेलेच नसते. तुमची फांदी बहुधा अशाच जागी मोडली असावी.

निम्म्यावर छाटण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तसे मुळीच करू नका. शेंडा उडवला की झाड उपासमारीतून वाचण्यासाठी तोडलेल्या टोकांभोवती झाडूसारखे फुटवे सोडते. ते वर्षभरात दहा-बारा फूट वाढू शकतात, पण त्यांची जोडणी केवळ वरच्या थरात असते. खालचा रुंद घाव भरून येत नाही, त्यात पाणी मुरते आणि कूज गाभ्यात उतरते. तीन-चार पावसाळ्यांनंतर कुजलेल्या टोकांवर जड फुटव्यांचे ओझे, अशी स्थिती येते. आठ हजार देऊन आपण धोका विकत घेतो, आणि लाकूड वखारीत जाते ते वेगळेच.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या अंगणात पाणी उभे राहिले होते का, आणि किती दिवस? तसेच गेल्या काही वर्षांत झाडाजवळ काही खोदकाम झाले आहे का? उत्तर देण्यापूर्वी घरात सर्वांना विचारा, कारण हे काम बहुधा घरातला एकच जण करून घेतो आणि बाकीच्यांच्या लक्षात राहत नाही.

नागाळा पार्क (प्रश्नकर्ता)

आपला शेवटचा प्रश्न वाचून थोडा ओशाळलो. २०२१ च्या जुलैमध्ये अंगणात पाणी चार दिवस होते. २०१९ साली त्याहून अधिक. दोन वर्षांपूर्वी सांडपाण्याची नवी वाहिनी टाकण्यासाठी मीच गुलमोहराच्या पश्चिमेला, बुंध्यापासून चार फुटांवर, तीन फूट खोल चर खणून घेतला होता. गवंड्याने ‘मध्ये मुळ्या येत आहेत’ असे सांगितले आणि मी ‘तोडून टाका’ असे म्हणालो, हे मला आता स्वच्छ आठवते. त्यानंतर चारचाकी लावण्यासाठी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले. बुंध्याच्या पश्चिमेला पेव्हरची एक रांग बोटभर उचलली गेली आहे. ती मी आजवर गवंड्याच्या कामातली चूक समजत होतो.

माळावरचा माळी

मग चित्र बरेच स्पष्ट झाले. घेर सव्वासहा फूट म्हणजे त्याला ३.१४ ने भागल्यावर व्यास दोन फूट येतो. व्यासाच्या बारा पट अंतर, म्हणजे बुंध्यापासून सुमारे चोवीस फुटांपर्यंतचा घेरा, हा झाडाच्या मुळांचा जपण्याचा प्रदेश मानतात. त्यातले बाहेरचे भाग थोडे दुखावले तरी झाड सावरते. परंतु व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे आपल्या झाडाच्या बाबतीत सहा फुटांच्या आत, झाडाला उभे धरणारी जाड मुळे असतात. आपला चर चार फुटांवर गेला. झाड पूर्वेला कललेले असताना त्याला मागे ओढून धरणारे दोर म्हणजे पश्चिमेची मुळे, आणि तुटली ती नेमकी तीच. आपला मोसमी वाराही पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे तो झाडाला शेडच्याच दिशेने ढकलणार. वळवाच्या वाऱ्याचा तर काहीच नेम नसतो.

पुराचाही भाग आहे. पाणी साचलेल्या मातीत हवा राहत नाही आणि काही दिवसांत बारीक मुळे गुदमरतात. झाड लगेच वाळत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्यावर कळते. उचललेली पेव्हरची रांग हा गवंड्याचा दोष नव्हे. एका बाजूच्या चार पेव्हर काढून लोखंडी सळईने खाली चाचपून पाहा आणि काय आढळते ते इथे लिहा. तोपर्यंत चारचाकी तिथे लावू नका.

टोरोंटोचा कोल्हापूरकर

मी मूळचा रुईकर कॉलनीतला, आता बरीच वर्षे कॅनडात आहे. इथे अजून अंगणात बर्फ आहे, त्यामुळे वळवाची चर्चा वाचताना गंमत वाटली. पण घरमालकाची चिंता दोन्हीकडे सारखीच आहे.

इथे झाडे मोडतात ती वाऱ्याइतकीच गोठत्या पावसाने. वरच्या थरातून पाऊस म्हणून निघालेले पाणी शून्याखालच्या तापमानातल्या फांदीवर पडताच गोठते आणि प्रत्येक डहाळीभोवती काचेचे आवरण चढते. फांदीचे वजन कितीतरी पटींनी वाढते. २०१३ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, टोरोंटोत असा पाऊस झाला, तेव्हा सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली आणि काहींना ऐन थंडीत कित्येक दिवस अंधारात राहावे लागले. त्या रात्री मी अंथरुणात पडून बंदुकीच्या बारासारखे आवाज ऐकत होतो, ते आमच्या गल्लीतल्या मेपलच्या फांद्या मोडण्याचे होते. सकाळी मी काठीने एका फांदीवरचा बर्फ झटकायला निघालो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी ओरडून थांबवले. गोठलेली फांदी ठिसूळ असते, ठोकल्यास तीच डोक्यावर येते, आणि ओझे अचानक उतरल्याने उसळूनही मोडते. बर्फ आपोआप वितळू द्यायचा आणि झाडाखाली जायचे नाही, एवढाच उपाय.

माझ्या अंगणातले एक ॲश झाड मला काढावे लागले. आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात आढळला आणि त्यानंतर त्याने उत्तर अमेरिकेत या जातीची कोट्यवधी झाडे मारली. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे पाडून रस वाहणारा थर तोडते. मेलेले ॲश फार लवकर ठिसूळ होते, इतके की काही वर्षे उभे राहिल्यावर त्यावर चढायला अनुभवी माणसेही तयार होत नाहीत आणि क्रेन आणावी लागते. मी दोन वर्षे ‘पुढच्या वसंतात पाहू’ असे म्हणत राहिलो, त्याचा भुर्दंड बसला. परवानगी इथेही लागते: टोरोंटोत जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर खोडाचा व्यास ३० सेंटीमीटर किंवा अधिक असेल, तर स्वतःच्या अंगणातले झाडसुद्धा मनपाला विचारल्याशिवाय काढता किंवा इजा करता येत नाही.

कामाचा हंगाम इथे बहुधा हिवाळा असतो. पाने नसल्याने सांगाडा नीट दिसतो, कीड-रोग सुप्त असतात आणि गोठलेली जमीन गाड्यांचे वजन पेलते. आपल्या गुलमोहराच्या बाबतीत तो काळ म्हणजे नेमके हेच दिवस. पाने फुटेपर्यंत थांबू नये. बेचके कमकुवत पण मुळे शाबूत अशा झाडाला इथे वरच्या भागात पोलादी दोर बांधून दोन फांद्या एकमेकींना धरून ठेवतात. तुमच्या झाडाचे मात्र दुखणे मुळाशी दिसते, आणि तिथे वरचा दोर काही करू शकत नाही.

एका गोष्टीवर माळीकाकांचे मत ऐकायला आवडेल. इथले तज्ज्ञ फांदी कापल्यावर घावाला रंग, डांबर असे काहीही लावू देत नाहीत. आमच्या लहानपणी मात्र घाव दिसला की गेरू नाहीतर डांबर फासायची पद्धत होती.

माळावरचा माळी

डांबर आणि तेलरंग यांबाबत तुमचे तज्ज्ञ बरोबर आहेत. त्याखाली ओल कोंडते. घाव भरून येणे हे कापण्याच्या जागेवर अवलंबून असते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सुरकुत्या पडलेला फुगीर कंठ असतो, तो न दुखावता त्याच्या लगेच बाहेर कापावे. खुंट ठेवू नये आणि खोडाशी सपाटही कापू नये. जाड फांदी असेल तर आधी हातभर अंतरावर खालून एक काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा, आणि ओझे गेल्यावर कंठाजवळ तिसरा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. आपल्या दमट पावसाळ्यात आंब्यासारख्या फळझाडांच्या घावांना मी बोर्डो पेस्ट लावतो, ती बुरशीनाशक म्हणून. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत आणि भांडे प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी नको.

मिळकत पत्रिका

परवानगीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण मी नुकताच यातून गेलो आहे. शहरी भागासाठी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे. झाड आपल्या अंगणात असले आणि आपणच लावलेले असले, तरी वृक्ष अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही. मोठ्या फांद्यांसाठीही विचारून घेणे शहाणपणाचे. अर्जासोबत मिळकत पत्रिकेचा उतारा, झाडाची जात, घेर, अंदाजे वय, चारही बाजूंचे फोटो आणि कारण द्यावे. ‘झाड धोकादायक आहे’ एवढेच न लिहिता तुटलेली मुळे, उचललेली जमीन आणि वायर यांचे जवळून घेतलेले फोटो जोडावेत. जागेची पाहणी होते, झाडावर आणि वृत्तपत्रात नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. दोन महिने हाताशी धरूनच चालावे. माझा पहिला अर्ज एका टेबलावर पाच आठवडे पडून होता, म्हणून आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका.

२०२१ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला प्राचीन वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट आली. आपला गुलमोहर १९८६ चा आहे, म्हणजे तो पन्नाशीच्या आत आहे, परंतु रोपांचा आकडा मोठा असणार. ती कुठे लावणार हे अर्ज करतानाच ठरवा.

नागाळा पार्क (प्रश्नकर्ता)

चार पेव्हर काढून पाहिले. सळई पश्चिमेला हातभर सहज आत गेली. पूर्वेला वितीवर अडली. चराच्या कडेला मनगटाहून जाड अशी तीन मुळे तुटलेली दिसली. त्यांची टोके काळी पडली असून बोटाने दाबल्यावर भुगा होतो. आईला बोलावून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘शेजाऱ्यांची नातवंडं त्या शेडात खेळतात.’ अर्ज काल दिला आणि आवक क्रमांक घेतला. परवानगी येईपर्यंत काय करावे?

दोर आणि करवत

झाडे उतरवण्याचे काम मी करतो. परवानगी येईपर्यंत पूर्वेकडच्या फांद्यांची टोके हलकी करून घ्या, पण अधिकाऱ्यांना सांगून, आणि एकूण माथ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नको. शेजाऱ्यांना लेखी कळवा आणि शेडमधली ऊठबस वळवाच्या दिवसांत बंद ठेवायला सांगा.

काढताना सर्वांत आधी वीज. वायरला टेकलेली कोरडी फांदीसुद्धा सुरक्षित नसते, मग गुलमोहराची रसरशीत फांदी तर सोडाच. महावितरणच्या कार्यालयात आधी अर्ज देऊन त्या दिवशी पुरवठा बंद करून घ्या. १९१२ हा क्रमांक तक्रारीचा आहे. वायर तुटून पडली तर त्यावर कळवा आणि जवळ जाऊ नका. ज्याची मुळे कुजली आहेत त्या झाडावर मी माणूस चढवत नाही. शिडीच्या गाडीतून किंवा क्रेनच्या पाळण्यातून बाहेरच्या फांद्या आधी, प्रत्येक फांदी दोराने बांधून हळू उतरवायची. खोड शेवटी, तेही तुकड्यांनी. एका बाजूला खाच मारून अखंड झाड पाडायला मोकळे शेत लागते, नागाळा पार्कात ते शक्य नाही. ‘लाकूड आमचे’ म्हणून जो स्वस्तात येतो तो घाईत असतो. लाकडाचा आणि मजुरीचा व्यवहार वेगळा ठेवा आणि काम करणाऱ्यांचा अपघात विमा आहे का ते विचारा.

माळावरचा माळी

आंब्याचे राहिलेच होते. खोडातून भुसा गळतो ते भिरुडाचे काम. लांब मिशांचा मोठा भुंगा सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी खोड पोखरत आत जाते. ताजा भुसा ज्या छिद्रातून पडतो ते शोधा, तारेचा आकडा घालून अळी ओढून काढा, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आत सारून छिद्र चिखलाने लिंपून टाका. आठवड्याने पुन्हा पाहा. नवा भुसा दिसला तर अळी जिवंत आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. छाटणी आंबे उतरल्यावर लगेच, तीही वाळलेल्या आणि घासणाऱ्या फांद्यांची. हे झाड वाचण्यासारखे आहे, त्याच्याजवळ मात्र आता चर खणू नका.

नागाळा पार्क (प्रश्नकर्ता)

परवानगी मे महिन्यात आली आणि गुलमोहर परवा उतरवला. झाड ऐन फुलोऱ्यात होते, त्यामुळे गल्लीभर लाल सडा पडला. दरम्यान दोन वळीव होऊन गेले. प्रत्येक वेळी आम्ही पुढच्या खोलीत न झोपता मागे झोपलो. बुंध्याचा पश्चिमेकडचा निम्मा भाग आतून तपकिरी आणि स्पंजासारखा निघाला. अटीप्रमाणे लावायची रोपे पाहुण्यांच्या शेताच्या बांधावर करंज आणि जांभूळ म्हणून लागतील, तसे लेखी दिले आहे. आंब्यातून दोन अळ्या निघाल्या, नवा भुसा नाही. आईला फाटकाजवळ मृगाच्या पावसात बहावा लावायचा आहे. खड्डा गुलमोहराच्याच जागी घ्यावा का?

माळावरचा माळी

त्या जागी नको. खाली राहिलेली मुळे कुजताना बुरशी आणि वाळवी दोन्ही येतात आणि जमीन खचते. बुंध्यापासून दहा फूट उत्तरेला, सर्व्हिस वायरीच्या खालून बाजूला घ्या आणि रोपाभोवती निदान चार फूट जागा पेव्हरविना मोकळी ठेवा. सांडपाण्याची वाहिनी कुठून जाते ते आधी कागदावर काढून घ्या.